कार्ड मिळाले, गोळीचे काय?

(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्याच्या बांध्यांतून पहाटेपासून बायाबापड्या कमरेत वाकलेल्या दिसतात. पाय घोटाभर चिखलात, पाठीवर आषाढाचा पाऊस, आणि हातात भाताचे पऱ्हे. ह्या रांगेत एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी मध्येच बांधावर जाऊन बसते, गुडघे कवटाळते, आणि दात आवळून कण्हत राहते. पूर्वी तिला शेजारणी कामचुकार म्हणत. घरची माणसे वात धरला म्हणून तेल चोळीत. आता तिच्या घरात, पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली, शासनाने दिलेले एक कार्ड असते. त्या कार्डावर तिच्या दुखण्याचे शास्त्रीय नाव छापलेले आहे : सिकलसेल. दुखण्याला नाव मिळाले. बांधावरचे कण्हणे मात्र पूर्वीइतकेच आहे. आजच्या विवेचनाचा विषय एवढाच, की नाव आणि उपचार ह्यांमध्ये जे अंतर पडले आहे ते कोणी पाडले आणि ते कसे मिटावे.

सिकल म्हणजे विळा. ज्या विळ्याने ह्या जिल्ह्यातील माणसे धान कापतात त्याच्याच आकाराच्या होतात म्हणून रक्तातील त्या तांबड्या पेशींना हे नाव पडले. निरोगी पेशी वाटोळी आणि लवचिक असते. केसाहून बारीक वाहिनीतून ती वाकून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशीतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच आत गोठून ताठ होते, पेशी वाकडी होते, अडकते आणि मागून येणाऱ्या रक्ताची वाट बंद करते. ज्या हाडाला, ज्या इंद्रियाला रक्त मिळत नाही तेथे वेदना उसळते. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त नेहमी कमी. पाणथरी लहानपणीच निकामी होते म्हणून साध्या जंतूंचा संसर्गही जीव घेतो. प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाच्या ऐवजी दुसरे बसते, एवढ्यातून हे सारे घडते. लायनस पॉलिंग ह्यांनी १९४९ साली ह्या रोगाला रेणूचा रोग म्हटले; वैद्यकाच्या इतिहासात तो पहिलाच.

परंतु रेणू बांधीत उतरून रोवणी करीत नाही, माणूस करतो. शरीरातील पाणी कमी होणे, थंडीने गारठणे, ताप, अतिश्रम ह्या गोष्टींनी वेदनेचा झटका उसळतो, असे वैद्यक सांगते. वैशाखात तेंदूपत्ता तोडण्यासाठी तांबडे फुटण्यापूर्वी जंगलात शिरायचे आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत पाने तोडायची. पाणी जवळ असेल तेवढेच. आषाढ-श्रावणात दिवसभर ओल्या अंगाने चिखलात उभे राहायचे. कापणी-मळणी आटोपली की पोटासाठी दूरच्या शहरांत बांधकामावर जायचे. ह्या जिल्ह्यातील कष्टकऱ्याचे वर्ष असे आखलेले आहे की झटका उसळविणारे प्रत्येक कारण ऋतुमानाप्रमाणे त्याच्या वाट्याला यावे. डॉक्टर कागदावर लिहितात : भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या. रोजंदारीवर राबणाऱ्या बाईला विश्रांतीची चिठ्ठी लिहून देणे हा, म्हटले तर, क्रूर विनोद आहे.

हा रोग ह्याच मुलखात का, असे विचारणाऱ्यांना पुष्कळदा पूर्वजन्माचे उत्तर मिळते. खरे उत्तर हिवतापात आहे. अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले, की ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो त्या वाहकाला घातक प्रकारच्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे जंगल, ओढे आणि हिवताप पिढ्यान् पिढ्या नांदले तेथे वाहक अधिक तगले. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव हा पट्टा तसाच. म्हणजे ज्याला आज कलंक म्हणतात ते पूर्वजांच्या जगण्याचे साधन होते. वाहक हा रोगी नव्हे, हेही येथेच स्पष्ट करावे; कार्यकर्त्यांच्याही बोलण्यात हा घोटाळा होतो. दोन्ही पालकांकडून दोष आला तरच रोग होतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी ती शक्यता चारांत एक असते.

भारतात ह्या रोगाची पहिली नोंद १९५२ ची. त्या वर्षी निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश ह्यांना, आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत डनलॉप आणि मजुमदार ह्यांना ह्या पेशी आढळल्या. दोन्ही ठिकाणी कोण होते ते पाहावे : डोंगरातला आदिवासी आणि मळेवाल्याने दूरदेशाहून आणलेला मजूर. त्यानंतर काही वर्षांतच नागपूरकडून विदर्भाच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. येथे गोंड, हलबा, प्रधान ह्या जमातींत, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि इतर मागासवर्गीय जातींतही हा दोष मोठ्या प्रमाणावर आहे. ज्ञान होऊन सत्तर वर्षे उलटली. राज्याचा नियंत्रण कार्यक्रम येण्यास ह्या शतकाचे पहिले दशक संपत यावे लागले. मधल्या काळात आवाज उठविला तो बहुधा रुग्णांच्या आईबापांनी. नागपूरचे संपत रामटेके ह्यांनी घरातील ह्याच दुःखातून सिकलसेल रुग्णांची संघटना उभी केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्ये, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा संकल्प. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांचे रक्त तपासून झाले; दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे सतरा लाख वाहक आढळले, असे सरकारने संसदेत सांगितले. हे काम लहान नव्हे. बोटातून रक्ताचा थेंब काढण्यासाठी पाड्यापाड्यांवर गेलेल्या आरोग्यसेविकांचे आणि आशाताईंचे श्रम त्यात आहेत, आणि विरोधासाठी विरोध म्हणून ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि ‘निर्मूलन’ ह्या शब्दापाशी थांबणे भाग आहे. देवीचे निर्मूलन झाले कारण देवीचा विषाणू माणसाबाहेरून येत होता आणि लस त्याला अडवू शकत होती. सिकलसेल रक्तात, पेशीच्या गाभ्यात आहे. तो लशीने जात नाही. मग निर्मूलन कोणाचे करावयाचे? अर्थ एकच उरतो : ह्यापुढे असे मूल जन्मू नये. त्यासाठी विवाहापूर्वी पत्रिकेऐवजी कार्ड जुळवा, असा उपदेश सभासमारंभांतून होतो. उपदेश शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही. पण खेड्यात त्याचा भार कोणावर पडतो? मुलगा वाहक असला तर ते घरात राहते; मुलगी वाहक असली तर ते गावभर होते. शिवाय हा उपदेश उद्याच्या न जन्मलेल्या मुलाविषयी बोलतो. आज जन्मलेल्या, आज कण्हणाऱ्या दोन लाखांविषयी त्याला काही सांगावयाचे नाही.

नुसत्या तपासणीचा परिणाम काय होतो ह्याचा धडा अमेरिकेने अर्धशतकापूर्वी घालून दिला आहे. तेथे हा रोग प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा. म्हणून तो दुर्लक्षित. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या दवाखान्यांतून आणि दारोदार जाऊन फुकट तपासणी सुरू केली. तेव्हा सरकारला जाग आली, आणि १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. कायदा तपासणी ऐच्छिक ठेवा म्हणत होता; परंतु कित्येक राज्यांनी ती सक्तीची केली. उपचाराची सोय तोकडी, समजावून सांगणारे अपुरे, आणि वाहक व रुग्ण ह्यांतला फरक कायदा करणाऱ्यांनाही नीट उमगलेला नाही. परिणामी धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महाग झाला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्या समाजाने आपल्या हक्कासाठी तपासणी मागितली त्याच्याच माथी ती शिक्क्यासारखी मारली गेली.

त्याच वर्षांत जमैका ह्या गरीब बेटावर वेगळी वाट चोखाळली गेली. किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात १९७३ पासून एक लाख नवजात बालकांची तपासणी झाली, आणि ज्यांच्यात रोग आढळला त्यांना तेथील डॉक्टरांनी सोडून दिले नाही; ग्रॅहम सर्जंट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहिले. त्यांनी केले ते असे. पाणथरीत अचानक रक्त साठून लहान मुले काही तासांतच दगावतात हे पाहून त्यांनी आयांना मुलाच्या पोटावर हात ठेवून पाणथरी चाचपण्यास शिकविले. फुगली वाटली की तडक रुग्णालय गाठावयाचे. ह्याने अशा मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. यंत्र नाही, परदेशी तंत्रज्ञ नाही, आईचा हात. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले की लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग सुमारे ८४ टक्क्यांनी टळतो. पेनिसिलिन! ज्याला दुसऱ्या महायुद्धापासून जग ओळखते ते.

गोंदियात जमैका व्हावयाची की सत्तरीतली अमेरिका, हा प्रश्न आहे.

औषध नाही असे कोणी म्हणू नये. हायड्रॉक्सीयुरिया हे रसायन १८६९ पासून ठाऊक आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. २०१९ मध्ये काँगो, अंगोला, केनिया आणि युगांडा येथील मुलांवरील अभ्यासाने दाखविले की हिवतापाच्या प्रदेशातही ते निर्धोकपणे देता येते आणि मृत्यू कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी विदर्भातील मुलांना कमी आणि ठराविक मात्रेत ते देऊन झालेला लाभ २०१२ साली प्रसिद्ध केला आहे. औषध पेटंटमुक्त आहे, देशात बनते, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. मग अडते कोठे?

अडते ते नित्यतेत. ही गोळी झटका आल्यावर घ्यावयाची नाही. झटका येऊ नये म्हणून रोज, वर्षानुवर्षे घ्यावयाची आहे. ठरावीक काळाने रक्तपेशींची गणना करून मात्रा पाहावी लागते. एक महिना पुरवठा तुटला तर मागचे श्रम वाया. कर्करोगातही वापरतात म्हणून लहान दवाखान्यातील डॉक्टर ती लिहिण्यास बिचकतो, आणि रुग्णाला गोंदियाला किंवा नागपूरला ‘रेफर’ करतो. गोंदिया ते नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. पण गाव ते स्थानक हे अंतर वेगळेच, आणि ज्या दिवशी गोळी आणावयास जायचे त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. फुकट मिळणारी गोळी अशी दोन मजुऱ्या आणि भाड्याला पडते. दोनदा रिकाम्या हाताने परतलेला माणूस तिसऱ्यांदा जात नाही. मग अहवालात लिहिले जाते की रुग्ण उपचाराबाबत उदासीन आहेत.

वेदनेचेही तसेच. सिकलसेलच्या तीव्र झटक्यात मॉर्फिनसारखे औषध लागते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने ते रुग्णालयांतून जवळपास हद्दपार केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी खेड्यातल्या दवाखान्यांच्या कपाटापर्यंत ते पोचलेले नाही. वेदना बाहेरून दिसत नाही. ताप मोजता येतो, जखम दाखविता येते. हाडातली कळ कशी दाखवावी? रुग्ण नाटक करतो, त्याला इंजेक्शनची सवय लागली आहे, असे बोल त्याला ऐकावे लागतात. शहरातल्या सुशिक्षित माणसाच्या मूतखड्याच्या कळेवर असा अविश्वास कोणी दाखवीत नाही.

इकडे हे, तर दुसऱ्या टोकाला विज्ञानाने आभाळ गाठले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने जनुकाची कात्री वापरून ह्या रोगावर केलेल्या पहिल्या उपचारास मान्यता दिली. कॅसजेव्ही हे त्याचे नाव. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींहून अधिक रुपये, एका रुग्णाला. शोध अद्भुत आहे ह्यात शंका नाही, आणि दिल्लीच्या जीनोमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ स्वस्त देशी पर्यायासाठी झटत आहेत ते स्वागतार्हच. परंतु हिशेब करून पाहावा. हायड्रॉक्सीयुरियाला रोज वीस रुपये धरले तर त्या अठरा कोटींत चोवीस हजारांवर रुग्णांना वर्षभर गोळ्या पुरतील. शिवाय महाग ते सारे सोनेच असते असेही नाही. व्होक्सेलोटर नावाची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती बनविणारी कंपनी फायझरने २०२२ मध्ये ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, चाचण्यांतून मृत्यूंचे प्रमाण चिंताजनक दिसल्यावरून, ती जगभरच्या बाजारातून काढून घेण्यात आली. त्या चाचण्यांतील बरेच रुग्ण आफ्रिकेतले होते.

मृत्यूंची मोजणी हाही एक राजकीय प्रश्नच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार २०२१ साली सुमारे ३४ हजार मृत्यू सिकलसेलच्या नावे नोंदले गेले. परंतु ह्या रोगाच्या रुग्णांचे प्रत्यक्ष मृत्यू होते सुमारे ३ लाख ७६ हजार. अकरापट! उरलेले कोठे गेले? न्यूमोनिया, ताप, पक्षाघात, बाळंतपण अशा शीर्षकांखाली ते विखुरले. जो मृत्यू नोंदीत नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी होणार? आदिवासी समाजात ८६ जन्मांमागे एका बालकाला हा रोग असतो असे केंद्र सरकारच सांगते. त्या बालकांपैकी किती पाच वर्षांची होतात, हे गावपातळीवर नोंदविण्याची व्यवस्था आज ह्या जिल्ह्यात उभी करता येण्याजोगी आहे. त्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही.

कायद्याने एक पाऊल पुढे टाकून दुसरे मागे घेतले आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तो रुग्णसंघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर. उच्च शिक्षणातील राखीव जागांचा लाभ त्यामुळे निकषात बसणाऱ्यांना मिळू शकतो. परंतु सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागा ज्या कलमात आहेत त्या ३४ व्या कलमात रक्तविकारांचा उल्लेखच नाही. म्हणजे शिकावे, पदवी घ्यावी, आणि पुन्हा बांधीत उतरावे! ज्या तरुणाला बैठ्या कामाची सर्वांत अधिक गरज त्यालाच ते नाकारणारी ही तरतूद बदलून घेण्यासाठी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना जाब विचारला पाहिजे.

भोर समितीने १९४६ साली सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये. १९७८ मध्ये अल्मा आटा येथे २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य देण्याची शपथ जगाने घेतली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडची महामारी ऐन जोरात असूनही, तो १.८४ टक्केच होता. आता २०४७ ची तारीख आली आहे. तारखा पुढे सरकविण्यात ह्या देशाचे सातत्य वाखाणण्याजोगे आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे शिकविणारे आहेत, शिकणारे आहेत. हे ज्ञान सालेकशाच्या उपकेंद्रापर्यंत न्यावयाचे राहिले आहे. मागणी फार मोठी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून हायड्रॉक्सीयुरिया तीन-तीन महिन्यांची एकदम मिळावी. पेशींची गणना तेथेच व्हावी. बालक जन्मताच तपासणी होऊन पहिल्या काही महिन्यांतच पेनिसिलिन सुरू व्हावे. तेंदूच्या फडावर आणि रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी व सावली ही ठेकेदाराची मेहेरबानी न राहता अट असावी. आणि हे सारे जिच्या खांद्यावर पडते त्या आशाताईला ठरलेला पगार मिळावा. २०२४ च्या प्रारंभी आपल्या मोबदल्यासाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर थंडीवाऱ्यात बसावे लागले होते. गोळी घेतली का, असे रोज घरोघर जाऊन विचारणारी बाईच उपाशी ठेवावयाची, आणि निर्मूलनाच्या घोषणा द्यावयाच्या!

कामाला आरंभ कोठून करावा असे तरुण कार्यकर्ते विचारतात. आश्रमशाळांतून करावा. तेथे शेकडो मुले एका छपराखाली राहतात. बहुतेकांची तपासणी झालेली आहे, कार्डे कार्यालयाच्या कपाटात आहेत. त्यांतल्या ज्यांना रोग आहे त्यांची नावे अधीक्षकांकडून, गुप्तता राखून, घ्यावीत आणि साधे प्रश्न विचारावेत : ह्या मुलाला मागच्या महिन्यात गोळ्या किती मिळाल्या? रात्री पाणी पिण्याची सोय खोलीत आहे की दूरच्या टाकीवर? थंडीत पांघरूण एक की दोन? पहाटे गार पाण्याने आंघोळ करावयास लावतात काय? कळ उठली तर रात्री अकरा वाजता कोण नेते, कशाने नेते? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, तारीख घालावी, आणि ती वही घेऊन दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे जावे. पहिल्या महिन्यात हसतील. तिसऱ्या महिन्यात खुर्ची देतील. सहाव्या महिन्यात वहीतले आकडे त्यांच्या अहवालातील आकड्यांशी ताडून पाहावेत आणि दोन्ही एकाच पानावर छापून गावोगाव वाटावेत.